मातीतलं शिसं, दिवाळीचा किल्ला आणि एक फाईल: माझा अडीच वर्षांचा अनुभव

परवा वाळक्या मोहरीच्या तीन पोत्यांची पावती हातात आली आणि आमच्या जुन्या गल्लीच्या मातीतलं विषारी शिसं मोहरी लावून काढता येतं का हे बघायचा माझा कलाप्रकल्प एकदाचा संपला. मार्च २०२२ ला सुरू झालेला, ऑगस्ट २०२४ ला संपला. मधल्या काळात खूप जणांनी मेसेज करून विचारलं की आर्टिस्ट असून मातीचं काय करतेयस, परवानगी कशी मिळाली, पैसे कुठून आणलेस. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहिते. गावाचं नाव लिहीत नाही, गल्लीतल्या लोकांना तसा शब्द दिलाय. पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यम शहर एवढं पुरे.

सुरुवात मेल चिनपासून झाली. हा ह्यूस्टनमध्ये वाढलेला अमेरिकन आर्टिस्ट, जन्म १९५१ चा. त्यानं १९९१ साली मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात पिग्ज आय नावाच्या जुन्या कचरा डेपोवर 'रिव्हायवल फील्ड' केलं. डेपोच्या जमिनीत कॅडमियम आणि झिंक होतं, त्यानं तिथे जाळीचं चौकोनी कुंपण घातलं, आत गोल, मधून फुलीसारख्या वाटा, आणि जमिनीतले धातू शोषून घेणारी रोपं लावली. त्याचं म्हणणं असं की शिल्पकार दगडातून नको तो भाग काढतो तसं मी जमिनीतून विष काढतोय, हेही शिल्पच. सुरुवातीला त्याच्या डोक्यात धोतरा होता, हो आपला महादेवाला वाहतो तोच, मग तो अमेरिकन कृषी खात्यातल्या रुफस चेनी ह्या शास्त्रज्ञाकडे गेला. चेनींनी ही कल्पना १९८३ मध्येच मांडली होती पण प्रत्यक्ष जमिनीवर करून बघायला कुणी पुढे येत नव्हतं. चेनींनी त्याला धोतऱ्यावरून थ्लास्पी नावाच्या छोट्या रोपाकडे वळवलं आणि त्या रोपाच्या पानांत खरंच झिंक आणि कॅडमियम सापडलं.

हे वाचलं आणि मला आमच्या जुन्या गल्लीतली मोकळी जागा आठवली. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथे ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारी पत्र्याची दोन शेड होती. बॅटरी फोडायची, प्लेटी काढायच्या, शिसं वितळवायचं, सगळं उघड्यावर. शेड कधीच गेली, आता तिथे सार्वजनिक नळ आहे, बायका धुणं धुतात, पोरं खेळतात. पण शिसं कुठे जात नाही, ते कुजत नाही, विरत नाही, मातीच्या कणांना चिकटून तिथेच राहतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ह्या संस्थांच्या २०२० च्या अहवालात आहे की जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यातली खूप मोठी संख्या भारतात. मला वाटलं आपण तिथे मोहरी लावू, मोहरी शिसं शोषते असं बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. तेव्हा मला सगळं समजल्यासारखंच वाटत होतं.

पैशांसाठी पहिल्या फेलोशिपचा अर्ज जून २०२२ ला भरला. सप्टेंबरमध्ये नकार, कारण काय तर हे विज्ञान आहे, कला नाही. ऑक्टोबरला विज्ञान प्रसारासाठी पैसे देणाऱ्या एका संस्थेकडे तोच प्रस्ताव जरा बदलून पाठवला, डिसेंबरमध्ये नकार, हे कलेचं काम आहे. त्या रात्री मी खरंच रडले. मग वाचलं की मेल चिनचंही असंच झालं होतं, १९९० मध्ये तिकडच्या सरकारी कला संस्थेच्या समितीनं त्याला १०,००० डॉलर मंजूर केले आणि अध्यक्षांनी ते अडवले, तेव्हा तो स्वतः जाऊन भेटला, समजावून सांगितलं आणि पैसे परत मंजूर करून घेतले. मग मीही दोन्हीकडे ईमेल करून विचारलं की नेमकं काय कमी पडलं. एकांनी उत्तर दिलं, दोनच ओळी, पण कामाच्या: तुमच्यासोबत शास्त्रज्ञ कोण आहे, आणि गल्लीतल्या लोकांना हे हवंय का. माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. तुम्हीही भरणार असाल तर नकार आल्यावर कारण जरूर विचारा, आणि प्रस्तावात शास्त्रज्ञाचं संमतीपत्र पहिल्या दिवसापासून जोडा.

जानेवारी २०२३ मध्ये ओळखीतून केमिस्ट्रीच्या एक प्राध्यापिका भेटल्या, इथे त्यांना मॅडमच म्हणते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा प्रस्ताव वाचून शांतपणे सांगितलं की मेल चिनची जमीन झिंक-कॅडमियमची होती, तुझी शिशाची, शिसं मातीला इतकं घट्ट धरून बसतं की मोहरीच्या पानांपर्यंत फार थोडं चढतं. ते चढावं म्हणून ईडीटीए नावाचं रसायन घालतात पण त्यानं शिसं सुटून खाली पाण्यात जाऊ शकतं, आणि इथे तर शेजारी नळ आणि पलीकडे विहीर, त्यामुळे ते अजिबात घालायचं नाही. म्हणजे माझ्या मूळ कल्पनेचा पायाच गेला. मला वाटलं आता त्या नाही म्हणणार, पण त्या म्हणाल्या, "मोहरी लाव, मोजून बघू, जे येईल ते लोकांना खरं सांगू. पण आधी मातीत किती आहे ते बघ, आणि पोरं कुठे खेळतात ते बघ." त्यांनी शेवटपर्यंत एक रुपयाही मानधन घेतलं नाही.

त्यानंतर दोन महिने मी फक्त नळावर जाऊन बसले. नवजोत अल्ताफ ह्या आर्टिस्टनी बस्तरमध्ये तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत हातपंपांभोवतीच्या जागा बांधल्या, नलपार म्हणतात त्याला, त्यात बाई घागर कुठे टेकवते, कमरेवर कशी घेते ह्याचा विचार आहे, ते मी कॉलेजात असताना बघितलं होतं आणि तेच डोक्यात होतं की आधी बघायचं. सुरुवातीला लोकांना मी सर्व्हेवाली वाटले. शिशाचं सांगितल्यावर एक मावशी चिडल्याच, "ताई, आमच्या गल्लीचं नाव कशाला पेपरात घालतायसा? उद्या पोरींची लग्नं कोण करणार? घरं कोण भाड्यानं घेणार?" त्यांचं बरोबरच होतं. त्याच दिवशी ठरलं की नाव कुठेही येणार नाही आणि रिपोर्ट सगळ्यात आधी गल्ली बघणार, मग बाकीचे.

एप्रिल २०२३ मध्ये तिसऱ्या ठिकाणी दीड लाख मंजूर झाले, ६० टक्के आधी, ४० टक्के शेवटी, सीएचं खर्चाचं सर्टिफिकेट दिल्यावर. टीडीएस कापून पैसे येतात हे लक्षात ठेवा, मी बजेट पूर्ण आकड्यावर केलं होतं आणि पहिल्याच हप्त्यात ओढाताण झाली.

९ मे ला जागेच्या परवानगीचा अर्ज दिला. अर्जासोबत जागेचा नकाशा, शंभरच्या स्टँपवर हमीपत्र, मॅडमचं पत्र, रहिवाशांच्या ४३ सह्या. आवक नंबर घेतला. जूनमध्ये गेले तर फाईल एका विभागातून दुसऱ्याकडे गेलेली, तिथे म्हणाले झाडं लावायची तर आमचं नाही, तिकडे म्हणाले मातीचं परीक्षण तर आमचं नाही, आणि 'कलाप्रकल्प' ह्या शब्दावर दोन्हीकडे गाडी अडायची. जुलैत फाईलच सापडेना. माझ्याकडे शिक्क्याची पोच होती म्हणून नवीन संच देता आला. शेवटी एका वयस्कर क्लार्क काकांनी सांगितलं की विषयाच्या ओळीत 'तात्पुरत्या स्वरूपात वृक्षारोपण व माती तपासणीकामी ना हरकत मिळणेबाबत' एवढंच लिहा, कला-बिला आत लिहा. तसं लिहिलं आणि फाईल चालायला लागली. २१ ऑक्टोबरला एनओसी मिळाली, साडेपाच महिने, अकरा चकरा. प्रत्येक वेळी पोच घ्या, फोटो काढून ठेवा आणि टिपणी कुणाच्या टेबलावर आहे एवढंच विचारा, का अडली ते विचारलं की समोरचा अंगावर येतो.

माती काढण्यात माझी मोठी चूक झाली, ती सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आपल्याकडे माती परीक्षण म्हटलं की शेतातली पद्धत, इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा, कडेची माती घ्यायची, सगळी मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. मे महिन्यात मी तश्शीच चार ठिकाणची काढली. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू, झिंक, लोह वगैरे, पण त्यात शिसं नाही, म्हणून एनएबीएलची मान्यता असलेल्या खाजगी लॅबकडे जावं लागलं. रिपोर्ट आला, सरासरी २१० मिलिग्रॅम प्रतिकिलो, मला हायसं वाटलं, गल्लीत जाऊन सांगणारच होते. मॅडमनी विचारलं किती खोल खणलंस? वीतभर म्हटल्यावर म्हणाल्या, "पोरं वीतभर खोल खेळतात का? वरची एक इंच माती हाताला लागते, तोंडात जाते. तू वरची घाण खालच्या स्वच्छ मातीत मिसळून आकडा पातळ केलास." तोवर पाऊस सुरू झाला होता, ऑक्टोबरपर्यंत थांबायला लागलं.

दुसऱ्या वेळी जागेवर दोरी मारून नऊ फुटांचे अठरा चौकोन पाडले, प्रत्येकात पाच ठिकाणची फक्त वरची इंचभर माती प्लॅस्टिकच्या चमच्यानं घेऊन मिसळली, पिशवीवर आणि पिशवीच्या आत चिठ्ठीवर दोन्हीकडे नंबर लिहिला, कारण बाहेरचा पुसला जातो. एका सॅम्पलचे ९०० अधिक जीएसटी म्हणजे १,०६२, अठराचे १९,११६ झाले. सराफकट्ट्यावर सोन्याचं कॅरेट बघायचं मशीन असतं ते एक्सरेनं धातू ओळखतं, तर मी विचारलं त्यात माती ठेवली तर? मॅडम म्हणाल्या, ते सोन्यासाठी सेट केलेलं असतं, मातीचा आकडा त्यातून धरता येणार नाही.

२३ ऑक्टोबरला रिपोर्ट आला. अमेरिकेत मुलांच्या खेळायच्या जागेसाठी बरीच वर्षं किलोला ४०० मिलिग्रॅमची रेघ होती (जानेवारी २०२४ मध्ये तिकडच्या पर्यावरण खात्यानं राहत्या जागेच्या मातीसाठी पुढची तपासणी कधी करायची ह्याची पातळी ४०० वरून २०० केली). आमचे सात चौकोन ४०० च्या वर, पाच २०० ते ४०० मध्ये, सहा २०० च्या खाली. सगळ्यात जास्त भिंतीकडच्या कोपऱ्यात, ११४०.

तो कोपरा कुठला हे मला माहीत होतं. तिथली माती काळी, भुसभुशीत, ओली केली की छान थापली जाते. गल्लीतली पोरं दरवर्षी दिवाळीचा किल्ला त्याच मातीचा करतात. मी स्वतः लहानपणी तिथूनच घमेली भरून नेलीयत. रिपोर्ट हातात, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, आणि दोन पोरांनी गोणपाट नि विटा गोळा करायला सुरुवात पण केली होती.

मॅडमना तेव्हाच फोन लावला. मला कागदावरचा तक्ता दाखवायचा नव्हता, चौथीतल्या पोराला 'सॅम्पल नंबर ११' म्हणजे काय कळणार. म्हणलं आकडे जमिनीवरच काढूया, जिथले तिथे, रांगोळीनं. मॅडमनी लगेच दोन गोष्टी अडवल्या. एक, बाजारातले रंग तपासल्याशिवाय नकोत, रंगातही शिसं असू शकतं, अगदी हळदीतही, पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा रंग मिसळतात. मग पांढऱ्याला शिरगोळा, लालला गेरू आणि पिवळ्याला हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतली, आणि तिन्हीचं एकेक सॅम्पल लॅबला पाठवून निर्धास्त झालो. दुसरी, कोरड्या मातीवर बसून काढलं तर धूळ उडेल. त्यावर चिडलेल्या त्याच मावशी म्हणाल्या, "मग सडा घालूया की, त्यात काय, सडा घातल्याशिवाय रांगोळी घालतंय कोण?" सगळ्या बायका हसल्या. मॅडमनी वहीत लिहून घेतलं: आधी पाणी शिंपडणे.

५ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेसहा. नळाला पाणी आल्या आल्या सडा पडला. चपला घालूनच सगळ्या बसल्या, खाली पुठ्ठे घेतले. ४०० वरच्या चौकोनांची कड गेरूची, मधल्यांची हळदीची, बाकीच्यांची पांढरी, आणि प्रत्येक चौकोनात मधोमध आकडा. ओल्या काळ्या मातीवर गेरू आधी गडद बसला, मग ऊन आल्यावर वाळून वीटकरी झाला. ११४० चा आकडा मावशींनी काढला, चिमटीतून एकसारखी रेघ, शून्याचा गोल एका दमात. काढून झाल्यावर त्या उठून दोन पावलं मागे सरकल्या आणि आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शेजारणीला म्हणाल्या, "आमची ताई हितंच बसून भातुकली खेळायची."

मॅडमनी तिथेच उभं राहून सांगितलं, साध्या भाषेत. शिसं शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडात जाऊन बसतं, लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त त्रास. घाबरायचं नाही, पण बाहेरून आल्यावर साबणानं हात धुवायचे, चपला दाराबाहेर, घरात झाडण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं, पोरांच्या खाण्यात दूध, नाचणी, हिरव्या भाज्या. रक्त तपासायचं का हे खूप जणांनी विचारलं. ते आम्ही प्रोजेक्टमधून मुद्दाम केलं नाही, मी आर्टिस्ट आहे, पोरांचं रक्त घेणं हे डॉक्टरचं काम, त्याला वेगळी संमती आणि नंतरचे उपचार लागतात. ज्यांना हवं त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे लिहून दिलं. तुम्ही असं काही करत असाल तर ही रेघ आधीच आखून घ्या.

आणि मग पोरांचा प्रश्न, "मग आमचा पन्हाळा कुठनं करायचा?" त्याची तयारी करून ठेवली होती, एका शेतातली तांबडी माती आधीच तपासून घेतली होती, २२ आली होती, तिची एक ट्रॉली २,८०० रुपयांना सकाळी दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी येऊन ओतली. पन्हाळा त्या वर्षी तांबडा झाला. माझ्या सगळ्या बजेटमध्ये सगळ्यात चांगले गेलेले पैसे हेच.

मोहरी १८ नोव्हेंबरला पेरली, फक्त सात लाल चौकोनांत, तारेचं कुंपण घालून, पाटीवर मोठ्या अक्षरात 'ही भाजी खायची नाही, जनावरांना घालायची नाही'. तरी डिसेंबरात एकदा दोन शेळ्या आत शिरल्या आणि कडेची चार-सहा रोपं खाल्ली. मालकाला बोलावून सगळं सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून काही दिवस दूध टाकून दिलं, त्या दुधाचे पैसे मी दिले. कुंपण चार फुटी नको, पाच फुटी घ्या. शेंगा धरायच्या आधीच, २२ जानेवारीला सगळं मुळासकट उपटलं. वाळून २१ किलो भरलं. पानांत शिसं नावापुरतं, मुळांत जास्त, सगळं धरून किलोला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे सगळ्या पिकानं मिळून एक ग्रॅमसुद्धा उचललं नाही, आणि मातीत अंदाजे दोन-तीन किलो आहे. मॅडमनी सांगितलं होतं तेच झालं. तरी प्रत्यक्ष आकडा बघून मला दोन दिवस काही सुचलं नाही.

हा निकाल पण गल्लीत वाचून दाखवला, मोहरीनं काम केलं नाही असंच सांगितलं. त्यावर कुणी नाराज झालं नाही, उलट लगेच पुढचं विचारलं, मग आता काय. मार्चमध्ये लाल आणि पिवळ्या चौकोनांवर जिओटेक्स्टाईल म्हणजे जमिनीत घालायचं जाड कापड अंथरलं, मुद्दाम भगव्या रंगाचं, उद्या कुणी खणलं तर रंग दिसून थांबेल म्हणून, वर सहा इंच मुरूम, सहा इंच तपासलेली माती आणि हरळी. शिसं खालीच आहे, पण हाताला लागत नाही. ह्याला ४६,५०० लागले आणि हे प्रस्तावात नव्हतं, फंड देणाऱ्यांना कारणासकट लिहिलं तर त्यांनी मोहरीच्या दुसऱ्या पिकाचे पैसे इकडे वळवू दिले. एकूण खर्च १ लाख ७८ हजार झाला, वरचे मी घातले.

राहिली वाळकी मोहरी. जाळायची नाही, खतात घालायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. घातक कचऱ्याच्या केंद्रात एकट्या माणसाकडून घेत नाहीत, सदस्यत्व लागतं. चार महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी एका अधिकाऱ्यांनी विचारलं, लीचेट टेस्ट, म्हणजे भिजल्यावर ह्यातून किती शिसं सुटून बाहेर येतं ती तपासणी, केलीय का? केली, तर २०१६ च्या नियमातल्या लिटरला ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या खूप खाली आली, म्हणजे कायद्यानं हा घातक कचरा ठरतच नव्हता. ही टेस्ट फेब्रुवारीतच करून घेतली असती तर सगळा उन्हाळा वाचला असता. तरी आम्हाला ती कुठेही टाकायची नव्हती, म्हणून एका कारखान्याच्या नियमित मालासोबत रीतसर केंद्रात पाठवली, वाहतुकीसकट ९,५०० रुपये. बजेट करताना विल्हेवाटीची ओळ विसरू नका.

पावतीवर 'पाठवणाऱ्याचे नाव' ह्या रकान्यात माझं नाव घालायचं होतं. मावशी म्हणाल्या, गल्लीचं घाला की. मी म्हटलं नाव नको होतं ना तुम्हाला? तर म्हणाल्या, "तवा नको हुतं. आता साफ केलंय की आम्ही." पावतीवर गल्लीचं नाव आहे. इथे मात्र अजून लिहीत नाही, सगळ्या घरांनी हो म्हणायचंय. पुढची माती ऑक्टोबरात काढायचीय, हरळीच्या वरची, एक इंच.